म्हणे सेन्सर गेलाय!

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, सिग्नलला गाडी थरथरायला लागली, की गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर: "साहेब, सेन्सर गेलाय." अरे, गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर पी०३०१ दाखवतोय! म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटतच नाही. कशामुळे, ते शोधायचं काम तुझं ना? तिथली कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारा भाग, तिसऱ्या सिलिंडरवर लाव, जरा फिरवून आण, परत स्कॅन कर. पी०३०३ आला, म्हणजे मिसफायर कॉइलसोबत तिसऱ्यात गेला, तर कॉइल खराब. नाही आला तर प्लग बघ, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. पण नाही! कोड पुसायचा, दिवा विझला की बिल फाडायचं. चार दिवसांनी पुन्हा तेच. आणि दिवा लुकलुकत असतानाही म्हणे, "चालवा बिनधास्त." न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं, त्याचे पैसे कोण, हा भरणार?