फायबर जोडताना ‘काळजीचे कारण नाही’ हा समज चुकीचा आहे

फायबर केबल, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाने माहिती वाहून नेणारी केबल, हिच्याविषयी एक संदेश सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे, की फायबरमध्ये वीज नसते म्हणून जोडणी करताना धोका नाही. केबल चालू आहे का, हे टोकाकडे पाहून कळते. टोक मळले असेल तर फुंकर पुरते. आणि कनेक्टर खटकन बसला की काम झाले.

काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, हे खरे. परंतु केबलला धातूचे कवच असेल तर त्यातून वाहू शकते आणि म्हणून त्याचे अर्थिंग करावेच लागते.

टोकाकडे पाहण्याचा सल्ला मात्र सर्वांत घातक आहे. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो, तर फायबरमध्ये प्रकाश सोडणारी उपकरणे बहुधा ८५०, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरवर चालतात. म्हणजे टोक काळेभोर दिसत असतानाही त्यातून प्रकाश बाहेर पडत असू शकतो. झगझगीत उजेडात पापणी आपोआप मिटते, पण न दिसणाऱ्या प्रकाशापुढे ती उघडीच राहते आणि ८५० नॅनोमीटरचा किरण थेट दृष्टिपटलावर एकवटतो. नेटवर्क स्विचमधील बहुतेक मॉड्यूल (प्रकाश पाठवणारे आणि घेणारे छोटे भाग) पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे सामान्य वापरात सुरक्षित लेसरची असतात, हे मान्य. तथापि पलीकडे साधे मॉड्यूल आहे की शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर, हे हातातल्या टोकावरून ओळखता येत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही विसंबू नये, कारण त्याच्या सिलिकॉन सेन्सरला १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश टिपता येत नाही. खात्री प्रकाशाची शक्ती मोजणाऱ्या पॉवर मीटरनेच करावी.

तंतू कापताना पडणाऱ्या तुकड्यांचा तर संदेशात उल्लेखही नाही. १२५ मायक्रॉन जाडीची ती पारदर्शक काच टेबलावर दिसत नाही, बोटात सहज घुसते आणि ओढताना आतच मोडते. म्हणून संरक्षक चष्मा लावावा, खाली काळी चटई अंथरावी, तुकडे चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या डबीत टाकावेत आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.

फुंकरीने धूळ हलते खरी, पण श्वासातला ओलावा टोकावर बसतो. लांब पल्ल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिंगल मोड तंतूचा प्रकाशवाहक गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, म्हणजे धुळीचा एखादा कणही तो पूर्ण झाकू शकतो. जोडताना दोन्ही टोके एकमेकांवर दाबली जातात, मधला कण भरडला जातो आणि उपकरणातल्या चांगल्या टोकावरही ओरखडा उठतो. नवी कोरी पॅच कॉर्डही (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल) याला अपवाद नाही, कारण डस्ट कॅपच्या, म्हणजे टोकावरच्या टोपीच्या, आतला मळ टोकाला लागतो. आधी स्कोपखाली (टोक तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहावे, क्लीनरने पुसावे, पुन्हा पाहावे आणि मगच लावावे; स्कोप लावण्यापूर्वी पलीकडचा प्रकाश बंद असल्याची खात्री करावी.

शेवटचा मुद्दा ‘खटकन बसण्या’चा. तिरक्या टोकाचा हिरवा एपीसी कनेक्टर सरळ टोकाच्या निळ्या यूपीसीच्या जागेत बसतो, परंतु ८ अंशांच्या तिरकेपणामुळे मध्ये फट राहते आणि बराच प्रकाश वाया जातो. याउलट, ८० किलोमीटरसाठी बनवलेली दोन मॉड्यूल एकाच खोलीत छोट्या पॅच कॉर्डने जोडली तर अतिरिक्त प्रकाशाने रिसीव्हर कायमचा निकामी होऊ शकतो; तेथे मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर घालणे अनिवार्य आहे.