त्या गाण्यात ड्रम्स मी वाजवलेले नाहीत

आज सकाळी एका जुन्या मित्राने आमच्या बँडचं गाणं टाकलं, मला टॅग केलं आणि वर लिहिलं, 'हे बघा खरे ड्रमर! तेव्हा हल्लीसारखी भाड्याची माणसं आणून वाजवून घेत नव्हते. बँडची स्वतःची थोडी वाकडी लय ऐकायलाच मजा येते!' खाली बदामांचा आणि टाळ्यांचा पाऊस. शेवटच्या कोरसआधीच्या फिलवर, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या ड्रम्सच्या छोट्या तुकड्यावर, तर एकाने वेगळी कमेंट लिहिलीय. मी तासभर 'थँक यू' टाइप करतोय आणि खोडतोय.

ते ड्रम्स मी वाजवलेले नाहीत. भाड्याच्या माणसानेच वाजवलेत.

आम्ही चौघं होतो. स्टुडिओ तीन तासांसाठी घेतला होता आणि त्यातला पहिला दीड तास एकट्या माझ्यापायी गेला. लय धरायला कानात लावलेला क्लिक टक् टक् करतोय आणि कोरस आला की माझी लय पळतेय. स्टेजवर हे खपून जातं, कारण सगळेच एकदम पळतात. क्लिक कुणासाठी पळत नाही. शेवटी काचेपलीकडच्या माणसाने बटण दाबून अगदी हळू विचारलं, 'एक फोन करू का?' ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

अर्ध्या तासात तो आला. पन्नाशीचा, खांद्यावर सिंबल्सची बॅग, हातात स्वतःचा स्नेअर ड्रम. माझ्या हातात टँबरीन, म्हणजे खंजिरीसारखं वाद्य, दिलं गेलं.

बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याच्याही हातात टँबरीनच दिलं होतं, हे पुढे कधीतरी वाचलं तेव्हा थोडं बरं वाटलं. ११ सप्टेंबर १९६२, 'लव्ह मी डू'. ड्रम्सवर अँडी व्हाइट नावाचा सेशन ड्रमर, म्हणजे रेकॉर्डिंगपुरता पैसे देऊन बोलावलेला. त्याला पाच-सहा पौंड मिळाले आणि हिशेब मिटला. पुढे बीटल्सचं काय झालं ते सांगायला नको. रॉयल्टी? शून्य.

आणि 'भाड्याची माणसं' म्हणजे काय रे? हे वाचून खरंच डोकं फिरलं. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या कित्येक रेकॉर्ड्सवर त्यांचा स्वतःचा ड्रमर डेनिस विल्सन याच्या जागी हॅल ब्लेन हा सेशन ड्रमर बसलाय. बर्ड्स या दुसऱ्या अमेरिकन बँडच्या १९६५च्या 'मिस्टर टँबरीन मॅन'वर बँडपैकी वाद्य वाजवणारा एकटा रॉजर मॅग्विन, बाकी सगळे सेशनवाले, आणि ड्रम्सवर पुन्हा ब्लेन. १९६६ ते १९७१, सलग सहा वर्षं ज्या गाण्यांना 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं, त्या सहाही गाण्यांवर हाच माणूस. सायमन-गारफंकलच्या 'द बॉक्सर'मधला तो तोफेसारखा दणका आठवा. बाहेर बोळात, लिफ्टच्या दाराशी ड्रम मांडून तो वाजवला, आवाज त्या पोकळीत घुमावा म्हणून. ही भाड्याची माणसं! या ब्लेननेच स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला होता आणि वाजवून झालं की नोटेशनच्या कागदांवर मारत सुटायचा. लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते २००० साली, सत्तरी उलटल्यावर, तेही 'साइडमन', म्हणजे दुसऱ्यांच्या मागे वाजवणारा, म्हणून.

बरं, पैसे मिळायचे, मान्य. बड्या सेशनवाल्यांना चांगलेच मिळायचे. पण ठेका ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला गाण्याच्या कर्त्यांत सहसा कुणी धरत नाही, आणि सगळा पुढचा पैसा तिथे असतो. तीन तास संपले की स्नेअर उचलायचा, पुढचं सेशन गाठायचं. सकाळी रॉक, दुपारी जाहिरात, रात्री जन्मात न ऐकलेल्या गायकाचं गाणं. लाल दिवा लागला की चुकायचं नाही. एवढं करून १९८० साली लिन कंपनीचं एलएम-१ आलं. खऱ्या ड्रम्सचे आवाज भरलेला डबा. तो दमत नाही, जेवायला थांबत नाही, आणि लय तर पळतच नाही. किती जणांचे फोन वाजायचे थांबले असतील.

आमच्याकडे आलेल्या माणसाने गाणं एकदाच ऐकलं. गाण्याचा कुठला भाग किती लांब, याचे पेन्सिलीने कागदावर आकडे मांडले, ८, ८, १६, मध्ये एक फुली. खिशातलं पाकीट काढून स्नेअरच्या कडेला ठेवलं, तो जास्त घुमू नये म्हणून. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, 'शेवटच्या कोरसआधी तू काय वाजवतोस?' मी फुगलेलोच होतो. मांडीवर वाजवून दाखवलं. त्याने मान हलवली.

दुसऱ्या टेकला गाणं झालं. आणि तो फिल माझा होता! मी त्यात आठ दणके कोंबायचो, त्याने दोन गाळले आणि सुरुवात केसभर मागे ठेवली. बस, एवढंच. मी टँबरीन धरून उभा. राग आला होता की रडू येत होतं, आजही सांगता येणार नाही. जाताना म्हणाला, 'फिल छान आहे तुझा, ठेवलाय.' आणि पाकीट खिशात घालून गेला.

कॅसेटच्या कव्हरवर ड्रम्ससमोर माझं नाव छापलं. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. इतकी वर्षं लोकांकडून कौतुक घेत आलो. तेव्हा दुसऱ्यांवर चिडायचा मला फारसा हक्क नाही, हे इथवर लिहिताना लक्षात आलंय.

मित्रा, तुझं एक म्हणणं मात्र खरं आहे. बँडची स्वतःची थोडी वाकडी लय ऐकायला मजा येते. माझीही आली असती कदाचित. पण जे गाणं तू आज टाकलंस, त्यात ती नाही. वरची ओळ तेवढी बदल.

बदलून काय लिहायचं, तर मला त्याचं नाव माहीत नाही. आम्ही त्याला 'सर' म्हणत होतो. पण पैसे त्याला आपल्या गिटारवाल्याने दिले होते आणि खर्चाच्या वहीत सही घेतली होती, एवढं पक्कं आठवतंय. निळी वही, लांबट. गिटारवाल्या, तू तर बसची तिकिटंसुद्धा जपून ठेवायचास. हे वाचत असशील तर आज रात्री माळ्यावर चढून बघतोस का?