गावाला माहीत असून काय उपयोग?

देवळात लग्न लागलं, दोनशे पानं उठली, आणि कायद्याच्या हिशेबी माझी भाची अविवाहितच निघाली. हे कळलं कधी, तर मांडीवर पोर आल्यावर.

गोव्याबाहेरच्यांसाठी आधी सांगते. आमच्याकडे लग्न म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोन सह्या. पहिली सही म्हणजे लग्नाचा इरादा. काही दिवसांनी दुसरी झाली की लग्न पक्कं. भटजी, मंगळसूत्र, हळद ही आपली हौस. आमचा जावई बोटीवर नोकरीला. पहिली सही झाली आणि कंपनीचा फोन आला. जवळचा मुहूर्त धरून देवळात लग्न उरकलं, तो गेला. दुसरी सही सुट्टीत करू म्हणाला. सुट्टीत आला तेव्हा घराचं छप्पर उतरवलेलं, पावसाळा तोंडावर. राहिलंच.

बाळाची नोंद करायला मी तिच्यासोबत गेले होते. खिडकीवरच्या माणसाने लग्नाचा दाखला मागितला. नाही म्हटल्यावर त्याने वडिलांच्या नावाच्या रकान्यावर पेन टेकवलं, एकदा वर बघितलं आणि आडवी रेघ ओढली. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. भाची मोबाईल काढून म्हणते, "मावशी, ह्यांना लग्नाचे फोटो दाखवू?"

लग्न असेल तर बाप कोण हे सिद्ध करावं लागत नाही. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलं नसेल तर 280 दिवसांच्या आत, जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरतात. एव्हिडन्स अ‍ॅक्टचं जुनं कलम 112. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 116. लग्न नसेल तर हे कवच नाही. मग बापाने स्वतः पुढे येऊन "मूल माझं" म्हणायचं. आमच्या पोर्तुगीज काळच्या कायद्यात याला पर्फिल्यासांव म्हणतात: जन्मनोंदीत, नोटरीपुढच्या दस्तात किंवा मृत्युपत्रात दिलेली कबुली. 1910 च्या डिसेंबरात लिस्बनच्या नव्या प्रजासत्ताकाने मुलांच्या संरक्षणाचा हुकूम काढला, त्यातही ही तरतूद होती. म्हणजे वाट शंभर वर्षांहून जुनी आहे. ठाऊक किती जणांना आहे, ते सोडा.

भाचीच्या सासूबाईंना हे सगळं फुकटची दगदग वाटलं. "कशाला ते? बाप कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे."

या वाक्यावर माझं डोकं फिरतं. गावाला सगळं माहीत असण्याचा अनुभव गोव्याइतका कुणाला असेल? आमच्या देवळांच्या आसऱ्याने राहिलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलांनी आईचं नाव लावून पिढ्या काढल्या. बाप कुठल्या घरचा हे गावाला तोंडपाठ होतं. त्या माहितीने कुणाला माडाची एक झावळ तरी मिळाली?

आणि आमचा जावई समुद्रावर. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर? (असलं लिहू नये म्हणतात, पण विचार करायलाच हवा.) गोव्यात आईबापाच्या मिळकतीतला अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो, मृत्युपत्र करूनही मुलांना उडवून लावता येत नाही, याचा आपल्याला कोण अभिमान! पण त्यासाठी आधी मूल त्याचं ठरावं लागतं, आणि तिथे तर रेघ.

आमचा माणूस निदान नाकारत नव्हता. जिथे तो नाकारतो तिथे बाईने कोर्टाची पायरी चढायची. पोटगी लग्नाबाहेरच्या मुलालाही मागता येते. पण डीएनए चाचणी मागितली की मिळाली असं होत नाही. बाप ठरवायला उठसूट रक्तचाचण्यांचे हुकूम देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच बजावलं आहे. 2015 मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मागायची मुभा दिली. उत्तम निकाल. मात्र हल्ली तो पुढे करून "मग बापाचं नाव हवंच कशाला?" असं विचारणारे भेटतात, बहुतेक पुरुषच. नाव न सांगणं हा आईचा हक्क. नाव मिळणं हा पोराचा. एकाने दुसरा फिटत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ही कबुली इस्पितळातच घ्या. बाप बाळाला पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा सही मागितली तर नाही म्हणणारे थोडेच निघतील. सहा महिन्यांनी घरचे, शेजारचे, वकील सगळे कान भरायला हजर असतात. आणि पहिल्या सहीच्या वेळी जोडप्याला मराठी-कोकणीत तोंडावर सांगा: बाबांनो, तुमचं लग्न अजून झालेलं नाही.

जावई मे महिन्यात आला. सह्यांची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. मग बाळाच्या नोंदीवर नाव चढलं. नवा दाखला हातात आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तीन झेरॉक्स काढ. एक माझ्या ट्रंकेत राहू दे."