घरच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स: तयार आयएसओ की आधी डेबियन?

घरच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) बसवायचे ठरले की पुढचा वाद ठरलेलाच: कंपनीची तयार आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) वापरायची, की आधी साधे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून त्यावर पॅकेजेस चढवायची? दोन्ही मार्ग अधिकृत आहेत, आणि प्रॉक्समॉक्स मुळात डेबियनवरच उभे असल्याने (आठवी आवृत्ती डेबियन १२ वर, नववी १३ वर) अखेरीस हाती येणारी यंत्रणा जवळपास सारखीच असते. तरीही सबळ कारण नसेल तर आयएसओच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सगळे स्वतःच्या हाताने केले’ हे समाधान सबळ कारणांत मोडत नाही.

डेबियनच्या वाटेवरचे खाचखळगे बारीक असतात, पण नेमके तिथेच माणूस अडतो. यंत्राचे नाव आणि पत्ता यांची जोडी सांगणाऱ्या होस्ट्स फाइलचेच पाहा. डेबियनचा इन्स्टॉलर बऱ्याचदा यंत्राच्या नावासमोर १२७.०.१.१ हा पत्ता लिहून ठेवतो, तर प्रॉक्समॉक्सला तिथे यंत्राचा खरा, स्थिर आयपी लागतो. ती एक ओळ बदलायची राहिली तर क्लस्टरची (अनेक यंत्रे एकत्र जोडणारी) सेवा सुरू होत नाही. आणि सगळे कॉन्फिगरेशन त्याच सेवेच्या ताब्यात असल्याने, घरात एकच यंत्र असले तरी, प्रॉक्समॉक्स हाताळण्याचे ८००६ पोर्टवरचे वेबपान उघडत नाही. शिवाय प्रॉक्समॉक्सचा कर्नल (यंत्रणेचा गाभा) टाकून यंत्र त्यावर सुरू करणे, मग डेबियनचा कर्नल काढणे आणि व्हीएमना नेटवर्कवर आणणारा ब्रिज हाताने बांधणे हेही आलेच. आयएसओ हे सारे आपसूक उरकते, वर दोन डिस्कवर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) हवा असेल तर तोही तिथेच करून देते.

होस्टवर, म्हणजे खुद्द प्रॉक्समॉक्सच्या यंत्रणेवर, डेस्कटॉप टाकून तेच यंत्र रोजच्या वापरालाही घेता यावे म्हणून डेबियन निवडणारे आहेत. त्यांचा हिशेब मला मुळीच पटत नाही.

संपूर्ण डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क-एन्क्रिप्शनची सोय) एन्क्रिप्ट करू पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ती सोय आयएसओच्या इन्स्टॉलरमध्ये नाही, आणि घरातला सर्व्हर चोरीला जाण्याची भीतीही रास्त आहे, तेव्हा त्यांनी खुशाल डेबियनच्या वाटेने जावे. मात्र वीज जाऊन परत आली की पासफ्रेज दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकणार नाही, म्हणून गावाला जाण्यापूर्वी ड्रॉपबेअर (एक छोटा एसएसएच सर्व्हर) बसवून तो पासफ्रेज एसएसएचवरून, म्हणजे दुरूनच, देण्याची व्यवस्था करावी आणि ती घरी असतानाच एकदा तपासून घ्यावी.