डॉक्युमेंट्स हरवलं म्हणून सीपीयू उचलू नका

माउस घसरला, डॉक्युमेंट्स फोल्डर पिक्चर्समध्ये जाऊन पडला, की निघाले सीपीयू गाडीवर घालून कोल्हापुरात राजारामपुरीला, कॉम्प्युटरच्या दुकानात! आणि सल्ला ठरलेला: 'विंडोज नवीन मारूया.' कशाला भावा? आधी कंट्रोल-झेड दाबून बघ की. नाहीतर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, रिस्टोअर डिफॉल्ट, अप्लाय. फायली हलवू का विचारलं तर येस. संपला विषय.

खरी बोंब दुसरीच. लोकेशनमध्ये फोल्डर न देता नुसता डी ड्राइव्ह ठोकणारे बहाद्दर! मग अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स म्हणून मिरवतो आणि रिस्टोअर डिफॉल्टला एरर येते. तेव्हा रेजएडिट (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, उघडणारा प्रोग्रॅम) उघडायचं आणि या वाटेनं आत जायचं: एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, यूजर शेल फोल्डर्स. आधी एक्सपोर्ट करून (म्हणजे बॅकअप घेऊन) ठेवा, नंतर बोंबलू नका. तिथं डॉक्युमेंट्स शोधत बसाल तर सापडणार नाही. ती नोंद 'पर्सनल' नावानं असते (का, ते देव जाणे). तिच्यात इंग्रजी अक्षरांत %यूजरप्रोफाइल%\डॉक्युमेंट्स टाकायचं, सी ड्राइव्हवर तुमच्या यूजरखाली तो फोल्डर नसेल तर बनवायचा, साइन आउट करून परत आत यायचं. फायली मात्र डीवरच राहतात, त्या हातानंच आणाव्या लागतात.