‘२४ आयती’वाला मेसेज आणि मधेच तोडलेली आयत

परवा दादाने फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला. ‘कुराणातल्या २४ आयती, प्रत्येक हिंदूने वाचायलाच हव्यात’, खाली लाल अक्षरात आयतींचे, म्हणजे कुराणातल्या वचनांचे, नंबर, मग दिल्लीच्या कोर्टाने हे मान्य केलंय, मग जिहाद म्हणजे फक्त काफिरांना मारणं आणि बाकीचे अर्थ सेक्युलर लोकांना फसवायला रचलेले, मग आपल्या ग्रंथांत असलं काही नाही, मग एकाही मुसलमानाने कधी आतंकवादाचा निषेध केला नाही, आणि शेवटी म्हणून यांना घर भाड्याने देऊ नका, यांच्याकडून काही विकत घेऊ नका, जय शिवराय, खाली महाराजांचा फोटो. असले मेसेज मी एरवी न वाचताच डिलीट करते. पण रात्री भाच्याचा फोन आला, नववीत आहे तो, आणि विचारतो, “आत्या, माझ्या बेंचवर जो बसतो ना, त्याच्या घरी पण हेच शिकवतात का गं?” हे ऐकून डोकं फिरलं. म्हणून लिहायला बसले. दादा, तू पण शेवटपर्यंत वाच.

आधी कोर्टाचं उरकते, कारण ‘कोर्टानेच सांगितलंय’ म्हटलं की समोरचा गप्प बसतो. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. या २४ आयतींचं पोस्टर छापल्याबद्दल दिल्लीत दोघांवर केस झाली होती, १९८६ साली तिथल्या मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडलं, आणि सोडताना या आयती घातक आहेत, द्वेष शिकवतात अशा अर्थाचं वाक्य ऑर्डरमध्ये लिहिलं. ते वाक्य आहेच. पण समोरचा प्रश्न पोस्टरवाल्यांवर खटला चालवायचा की नाही एवढाच होता, आणि मॅजिस्ट्रेटची ऑर्डर देशातल्या दुसऱ्या कुठल्याही कोर्टावर बंधनकारक नसते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ ला, कुराणावर बंदी घाला म्हणून केलेली याचिका कलकत्ता हायकोर्टाने फेटाळली. आणि १२ एप्रिल २०२१ ला, कुराणातून २६ आयती काढून टाका ही याचिका सुप्रीम कोर्टाने नुसती फेटाळली नाही तर ती करणाऱ्याला ५०,००० रुपये दंड लावला. आता मेसेजवाल्याला सगळ्यात खालच्या कोर्टातलं एक वाक्य सापडतं आणि हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट दिसतच नाही, हे चुकून होत नसतं.

आता आयती. माझ्याकडे कुराणाचं भाषांतर आहे, ते घेऊन बसले आणि यादीतला एकेक नंबर उघडून बघितला. हे काम कुणालाही एका संध्याकाळी जमेल, पण फॉरवर्ड करणाऱ्या कुणीही ते केलेलं नाही हे मी लिहून देते.

९:३७ घ्या, म्हणजे नवव्या अध्यायातली ३७ वी आयत. यादीत तिच्यासमोर लिहिलंय ‘अल्लाह काफिरांना मार्ग दाखवत नाही’. पूर्ण आयत कशाबद्दल आहे? कॅलेंडरबद्दल! त्या काळी अरब टोळ्यांत काही महिने पवित्र धरायचे, त्यात लढाई बंद असायची, आणि लोक सोयीप्रमाणे ते महिने पुढे-मागे ढकलायचे, तसं करू नका असं ती आयत सांगते. लढाईबंदीचे महिने नीट पाळा असं सांगणारी आयत हिंसेच्या यादीत घातलीय, फक्त शेपटीला काफिर हा शब्द आहे म्हणून. ४:५६, २१:९८, ४१:२८ या आयतींत नरकाची वर्णनं आहेत, आग, भाजलेली कातडी, सगळं भयंकर, मला वाचवत नाही. पण ती शिक्षा मेल्यावर देव देणार आहे, माणसाच्या हातात त्यात काहीच दिलेलं नाही. गरुडपुराणातले नरक ज्यांनी ऐकलेत त्यांना हा फरक समजवायला लागू नये. ४:८९ मधे मात्र ‘दिसतील तिथे मारा’ आहे. पुढचीच ९० वी आयत म्हणते की जे तुमच्याशी लढत नाहीत, बाजूला होतात, तहाचा हात पुढे करतात, त्यांच्याविरुद्ध अल्लाहने तुम्हाला कुठलाही मार्ग ठेवलेला नाही. यादी ८९ वर थांबते.

आणि यादीत पहिल्या नंबरावर आहे ती ९:५, जिच्यावर सगळी मदार आहे. ‘पवित्र महिने संपले की मूर्तिपूजकांना जिथे सापडतील तिथे ठार करा, पकडा, वेढा घाला, दबा धरून बसा.’ मेसेज इथे संपतो. आयत संपत नाही. तिच्याआधीची चौथी आयत सांगते की ज्या मूर्तिपूजकांशी तुमचा करार आहे आणि ज्यांनी तो मोडला नाही, तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांच्याशी करार मुदत संपेपर्यंत पाळा. नंतरची सहावी सांगते की त्यांच्यातला कुणी आसरा मागायला आला तर त्याला आसरा द्या आणि त्याच्या सुरक्षित जागी नेऊन पोचवा. आणि १३ व्या आयतीत लढाई कुणाशी ते स्पष्टच आहे, ज्यांनी शपथा मोडल्या, प्रेषिताला हाकलून द्यायला बघितलं आणि आधी हल्ला केला त्यांच्याशी. मागचा इतिहास असा, की ६२८ साली मक्केच्या कुरैश टोळीशी हुदैबियाचा तह झाला, कुरैशांच्या बाजूच्या टोळीने मुसलमानांच्या बाजूच्या टोळीवर हल्ला करून तो मोडला, ६३० मधे मक्का पडली आणि त्याच्या पुढच्या वर्षी हजच्या वेळी ही घोषणा वाचून दाखवली गेली. अरबस्तानातली, नाव-पत्ता असलेली माणसं होती ती. सांगली-मिरजेतल्या कुणाचा त्याच्याशी संबंध नाही.

इथे मला कुणी म्हणेल की त्याच आयतीत पुढे सुटकेची जी वाट दिलीय ती ‘पश्चात्ताप केला, नमाज पढली, जकात (धर्माने सक्तीचं केलेलं दान) दिली तर सोडा’ अशी आहे, म्हणजे धर्म स्वीकारायचीच ना? हो, आहे तशीच. आणि जुन्या काही भाष्यकारांनी या एका आयतीने शांततेच्या कितीतरी आयती रद्द झाल्या असंही मानलं. हे लपवण्यात अर्थ नाही, मुसलमान अभ्यासकही लपवत नाहीत. पण त्याच परंपरेत हनफी कायद्याने, जो आपल्याकडच्या बहुसंख्य मुसलमानांचा आहे, हा हुकूम अरब मूर्तिपूजकांपुरता धरला, बाकीच्यांना नाही. वाद आहे, हजार वर्षं चाललेला. मेसेजमधे वाद नाहीच, एकच निकाल आहे.

आणि तो निकाल कुणाचा आहे माहितीय? फेब्रुवारी १९९८ मधे ओसामा बिन लादेनने अमेरिकनांना, सैनिक असोत की साधे नागरिक, जिथे सापडतील तिथे मारा असा जो फतवा काढला, त्याची सुरुवातच ९:५ ने होते. त्याने ती कुठपर्यंत दिलीय? ‘दबा धरून बसा’पर्यंत. तिथेच तोडलीय. पुढची ‘सोडा’वाली ओळ नाही, आश्रय द्यायची आयत नाही, करार पाळायची नाही. आपल्या फॉरवर्डमधे आयत बरोब्बर त्याच जागी तुटते. म्हणजे जगभरातल्या मौलवींनी ज्याला खोटा ठरवला त्याचंच वाचन खरं धरून दादा तू तुझ्या पोराच्या हातात दिलंस, आणि सांगितलंस की हाच इस्लाम, त्याच्या बेंचवरच्या मित्राचाही हाच. बिन लादेनला याहून वेगळं काय हवं होतं? त्याला हेच पटवायचं होतं सगळ्यांना, मुसलमानांनाही आणि आपल्यालाही.

जिहादच्या अर्थाबद्दल थोडक्यात. मनातल्या वाईटाशी लढणं हाच मोठा जिहाद, अशी जी हदीस (प्रेषिताच्या नावे सांगितलेलं वचन) सांगतात तिची परंपरा कच्ची आहे असं मुसलमान पंडितांनीच म्हटलंय, आणि जुन्या कायद्याच्या पुस्तकांत जिहादचं प्रकरण उघडलं तर ते बहुतेक युद्धाबद्दलच असतं. त्यामुळे ‘जिहाद म्हणजे फक्त आत्मशुद्धी’ असं टीव्हीवर गोड बोलणारेही मला पटत नाहीत. गझनीच्या महमुदापासून कितीतरी राजांनी लुटीला हे नाव दिलं, सोमनाथ आपण विसरलेलो नाही. पण त्याच प्रकरणांत युद्धाचे नियमही आहेत, ते वाचा ना. बायका-मुलांना मारू नका ही मनाई बुखारी आणि मुस्लिम दोन्ही हदीससंग्रहांत आहे. इमाम मालिक यांच्या संग्रहात जिहादच्याच भागात पहिले खलिफा अबू बक्र यांनी सीरियाला निघालेल्या सेनापतीला दिलेली ताकीद आहे, बाई, मूल, म्हातारा यांना मारू नकोस, फळझाडं तोडू नकोस, वस्ती उजाड करू नकोस, खाण्यापुरतं सोडून जनावर कापू नकोस, मठात बसलेल्या साधूंना त्यांच्या जागी राहू दे. या ताकिदीवर ज्याचं माप काढायचं त्याचं काढा. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी सहलीला गेलेल्या नि:शस्त्र माणसांना धर्म विचारून मारलं, २६ जीव गेले, त्यात डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे आपले लोक होते. ते मारेकरी त्याला जिहाद म्हणत असतील, पण त्यांच्याच धर्माच्या कायद्यात तो खून आहे.

आपल्या ग्रंथांत असलं काही नाही, हा मुद्दा लिहिणाऱ्याने गीता उघडलेली नाही. ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’, मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी, ऊठ आणि लढ. हा एक श्लोक उचलून कुणी लाहोरमधे ‘हिंदूंचा देव काय शिकवतो बघा’ म्हणून फिरवला तर आपण काय म्हणू? कुरुक्षेत्र बघा, कोण कुणाला सांगतंय बघा, आधीचं-नंतरचं वाचा. बरोबरच म्हणू. नथुराम गोडसे हातात गीता घेऊन फाशी गेला, त्याने गीता खुनी ठरली नाही, कारण त्याच गीतेवर विनोबा धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर बोलले होते आणि त्यांना तीत वेगळंच काही सापडलं होतं. बायबलमधे पहिल्या शमुवेलच्या १५ व्या अध्यायात तर अमालेक्यांची तान्ही पोरंसुद्धा मारायची आज्ञा आहे. जो नियम आपल्या पोथीला लावतो तो दुसऱ्याच्या पोथीला लावायचा, एवढंच मागतेय मी.

एकाही मुसलमानाने निषेध केला नाही, हे मुंबईच्या माणसाने फॉरवर्ड करावं याचा मला खरंच राग आला. २६/११ नंतर मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला होता, असली माणसं मुसलमान असूच शकत नाहीत म्हणून. मुसलमानाला दफन नाकारणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कुठल्याही मुसलमानाला विचारा. ती प्रेतं एक वर्षाहून जास्त जेजे हॉस्पिटलच्या शवागारात पडून राहिली आणि शेवटी जानेवारी २०१० मधे सरकारला ती गुपचूप, जागा न सांगता पुरावी लागली. हे आपल्या शहरात, आपल्या डोळ्यांसमोर झालंय. २००८ मधेच देवबंदच्या उलेमांनी दहशतवादाविरुद्ध फतवा दिला, २०१४ मधे १२० हून जास्त मुस्लिम विद्वानांनी आयसिसच्या बगदादीला जाहीर पत्र लिहून कुराण-हदीसचे दाखले देत तो कुठे कुठे चुकतो ते सांगितलं. आणि पहलगामला अतिरेक्यांना अडवताना जो मेला तो घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाह होता.

राहिला शेवटचा भाग, घर देऊ नका, काही घेऊ नका आणि खाली महाराजांचा फोटो. यादीतली ९:२९ ही जिझियाची आयत, तिचा मी बचाव करणार नाही, दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून त्याच्या धर्मापायी कर घेणं अन्यायच. औरंगजेबाने १६७९ मधे तो पुन्हा लावला. त्यावर शिवाजी महाराजांनी औरंगजेबाला पाठवलेलं म्हणून जे फारसी पत्र इतिहासकार देतात, त्यात कुराणावर एकही शिवी नाही. उलट कुराणच पुढे केलंय, की तुमच्या ग्रंथात देवाला सगळ्या जगांचा स्वामी म्हटलंय, फक्त मुसलमानांचा स्वामी म्हटलेलं नाही, मशिदीत बांग होते ती त्याच्यासाठी आणि देवळात घंटा वाजते तीही त्याच्यासाठीच. अन्यायाशी उभं वैर घेतलं आणि ते घेताना समोरच्याचा ग्रंथ नीट वाचून घेतला. आणि मोगलांचा बखरकार खाफीखान, जो महाराजांना नरकात गेलेला काफिर म्हणतो इतका त्यांच्यावर जळायचा, तोच लिहून ठेवतो की शिवाजीचा नियम होता, मशिदीला, कुराणाला आणि कुणाच्याही बाईला हात लावायचा नाही, आणि कुराणाची प्रत हाती आली की तो ती आदराने आपल्याकडच्या एखाद्या मुसलमानाला देऊन टाकायचा. दादा, मेसेज ग्रुपवरून काढणार असशील तर सगळा काढ, आणि नसशील काढणार तर निदान त्याच्याखालचा तो फोटो काढ.