आपल्या सोयीचा येशू

आपापलं बायबल काढा आणि कोणत्या वचनांखाली रेघा मारल्या आहेत ते एकदा बघा.

माझ्या बायबलमध्ये स्तोत्र २३ ला दोन रंगांच्या रेघा आहेत. यिर्मया २९:११ ला आहे, फिलिप्पैकर ४:१३ ला तर आहेच. लूक ६:२४ मात्र कोरं. धनवानांनो, तुमची केवढी दुर्दशा, असं येशू तिथे सरळ म्हणतो. वचन काही लपलेलं नाही. गरिबांना धन्य म्हटलंय त्याच्यापासून हाताच्या अंतरावर आहे.

यिर्मयाच्या वचनाचंच घ्या. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे आपण वाढदिवसाला, परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरी लागली की एकमेकांना पाठवतो. पण ते पत्र गेलं होतं बाबेलात धरून नेलेल्या लोकांना. आणि त्याच्या अगदी आधीचं, दहावं वचन सांगतं की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. फिलिप्पैकरांचंही तसंच. पौल कैदेत आहे, आदल्याच वचनात उपाशी राहायलाही शिकलोय म्हणतो, आणि 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो' हे पुढचं वचन आपण यशासाठी वापरतो.

ही निवड आपण मुद्दाम करत नाही, म्हणूनच ती धोक्याची आहे. ज्यांनी मुद्दाम केली त्यांचं निदान सापडतं तरी. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल सुटला, तो भाग तिच्यात नाही. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद नाही, हे गलतीकरांतलं वचन नाही. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे इफिसकरांतलं वचन मात्र आहे. आणि त्याच वर्षी, त्याच शहरातल्या संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा केला. त्यासाठी वर्षानुवर्षं झटणारी माणसंही हेच शास्त्र वाचत होती, पण अख्खं.

जर्मनीत तर याहून पुढे मजल गेली. हिटलरच्या काळात तिथल्या काही ख्रिस्ती मंडळींनी जुना करार नको म्हटलं, १९४० मध्ये ज्यू खुणा पुसलेला नवा करारही छापला. येशू ज्यू होता हे ज्यांना सहन होत नव्हतं, ते रविवारी त्याचीच उपासना करत होते. त्यांच्याविरुद्ध आधीच, १९३४ मध्ये, जर्मनीतल्याच बार्मेनला दुसऱ्या ख्रिस्ती लोकांनी जाहीरनामा काढला होता, तो आज आपण अभिमानाने आठवतो. पण त्या जाहीरनाम्यातही ज्यूंच्या छळावर थेट असं एक वाक्य नाही. त्याचा मुख्य लेखक कार्ल बार्थ याने पुढे म्हातारपणी ही आपली चूक मान्य केली. इतक्या धीराच्या माणसांनाही आपल्या काळाची पट्टी डोळ्यांवरून पूर्ण काढता आली नाही. मग आपल्याला आपली दिसतेय असं समजणं जरा जास्तच झालं.

लूकचा चौथा अध्याय मला सगळ्यात जास्त टोचतो. येशू आपल्या गावच्या, नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो, यशयाची गुंडाळी उघडतो, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका असं वाचतो. आणि देवाच्या सूड घेण्याच्या दिवसापाशी येतो तिथे वाक्य अर्धवट ठेवून गुंडाळी मिटतो. तरीही लोक खूश असतात. आपलाच पोरगा, काय गोड बोलतो! मग तो फक्त दोन जुन्या गोष्टी काढतो: दुष्काळात एलीयाला पाठवलं ते सारफथच्या परक्या विधवेकडे, आणि अलीशाच्या काळात कोडातून शुद्ध झाला तो सूरियाचा नामान. दोन्ही गोष्टी त्यांच्याच शास्त्रातल्या, पाठ असलेल्या. एवढ्यावर सगळी सभा उठते आणि त्याला कड्यावरून ढकलायला नेते. देव चांगला आहे, इथपर्यंत त्यांची काही तक्रार नव्हती. तो आपल्या लोकांपुरता नाही म्हटल्यावर डोकी फिरली.

म्हणून माझ्यापुरती एक कसोटी मी धरली आहे. माझ्या विश्वासाने मला माझ्याच माणसांच्या विरोधात शेवटचं कधी उभं केलं? माझा वर्ग, माझं राजकारण, माझी मंडळी, माझं घर यांना जे हवं तेच देवालाही दर वेळी हवं असेल, तर मी प्रार्थना नक्की कोणाशी करतोय?

इथे कुणीतरी म्हणेल की मग चर्च, गीतं, सण, सगळा देखावाच. नाही, मला तसं अजिबात म्हणायचं नाही. दुःखात स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा लहानपणी पाठ केलेलं स्तोत्रच तोंडात येतं, आणि सवयीने आलेली ती प्रार्थना खोटी नसते. उलट 'आम्ही तेवढे खरे, बाकीचे नावाचे ख्रिस्ती' म्हणत वेगळे निघालेले पुष्कळ पाहिलेत. परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोकांच्या लेखी पापी) यांच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीत मंदिरात उभं राहून असंच बोलणारा कोण होता, ते आठवा: परूशी. जकातदाराचं कौतुक करता करता आपण कधी परूशाच्या जागी जाऊन उभे राहतो, कळतही नाही. (ही पोस्ट लिहितानाही तो धोका आहेच.)

आम्ही काहीजण सध्या लूक एकही वचन न गाळता वाचतोय. नियम एकच: 'याचा आध्यात्मिक अर्थ असा' हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात कुणी म्हणायचं नाही. चौदाव्या अध्यायापर्यंत बरं चाललं होतं. जेवण द्याल तेव्हा मित्रांना, नातेवाइकांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका. जे परतफेड करू शकत नाहीत त्यांना बोलावा. एकजण म्हणाला, हे अक्षरशः घ्यायचं नसतं. दुसरीने विचारलं, मग त्याच अध्यायातलं दुसरं कुठलं वचन आपण अक्षरशः घेतो? त्यावर बराच वाद झाला. दोघेजण रागावून लवकर निघाले, आणि अध्याय तिथेच राहिलाय. पुढच्या आठवड्यात परत चौदावाच घेणार आहोत.